पणजीचे नाव

आमच्या घरी पन्नासाहून अधिक वर्षे एका बाईला दुसऱ्याच नावाने पाणी दिले जात होते, हे मला वयाची सत्तरी उलटल्यावर समजले. त्याची ही हकीकत.

माझे आजोबा १९६८ साली वारले. वर्षश्राद्धाला आमचे वडील प्रथमच पाटावर बसले. वडील, आजोबा, पणजोबा ही पुरुषांची तीन नावे त्यांनी घडाघडा सांगितली. मग भटजींनी बायकांची नावे विचारली. आपल्या आईचे वडिलांनी सांगितले. पणजीचेही ठाऊक होते, कारण ती म्हातारी नव्वदी ओलांडून जगली आणि मरेपर्यंत फडताळाच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. गाडी अडली ती मधल्या बाईपाशी. म्हणजे वडिलांची आजी, माझी पणजी. ती तरुणपणीच गेलेली. घरात तिचा उल्लेख 'वाईची' एवढाच होई. भटजी व्यवहारी होते. "नाव ठाऊक नसेल तर एखाद्या नदीचे घ्या," म्हणाले. वडिलांनी 'गंगा' म्हटले, आणि तेव्हापासून दर पक्षाला गंगेचेच पाणी गंगेला मिळत राहिले. वडिलांमागे मीही तेच करीत आलो.

वाचक विचारतील, आजोबांना आपल्या आईचे नाव ठाऊक नव्हते काय? ते तीन वर्षांचे असताना ती गेली. शिवाय श्राद्धपक्ष करणे हे थोरल्या भावाचे काम. थोरले नोकरीनिमित्त इंदूरला गेले, तिथेच संपले, आणि त्यांच्यामागे कोणी राहिले नाही. आजोबा रेल्वेतले, अबोल. आईचा विषय त्यांनी आमच्यासमोर कधी काढला नाही.

२०२३ सालच्या भाऊबिजेला मी आत्याकडे सांगलीला गेलो होतो. वय एक्क्याण्णव, कान शाबूत, दात कृत्रिम, जीभ खणखणीत. ओवाळून झाल्यावर निरांजन खाली ठेवीत ती म्हणाली, "तू जन्मभर मास्तरकी केलीस, एवढे कागद वाचलेस. माझ्या आजीचं नाव तेवढं शोधून दे बाबा. वर गेल्यावर मी तिला हाक काय मारू?"

तिच्या मनात आणखी एक सल होता. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट अशी: गावात प्लेग आला, तेव्हा पणजोबा मुलांना घेऊन माळावरच्या झोपडीत गेले आणि पणजीला गावातल्या घरात मागे सोडले, ती एकटी मेली. पणजोबांची तसबीर आमच्या माजघरात होती. आत्या लहानपणी तिच्याकडे पाठ करून जेवायला बसत असे.

मी इतिहाससंशोधक नव्हे. शाळेत मराठी शिकवले, त्यातून मोडी थोडी येते, एवढेच भांडवल. पहिल्याप्रथम घरची ट्रंक उपसली. वंशावळ निघाली, नऊ पिढ्यांची, फुलस्केप कागदावर झाडासारखी काढलेली. नऊ पिढ्यांत बाई एकही नाही. जणू आमच्या कुळातले पुरुष एकमेकांच्या खांद्यांतून फांद्यांसारखे फुटले. तिच्याखाली एक कर्जरोखा सापडला. त्यावर साल आकड्यांत नव्हते, जुन्या दप्तरांच्या रीतीने अरबी शब्दांत होते: 'इसन्ने सबैन मया व अलफ', म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणून कर्जरोखा १७७१-७२ चा. थोरले माधवराव पेशवे हयात असतानाचा! दोन मिनिटे छाती फुगली. मग वाचून पाहिले. आमच्या मूळपुरुषाने बैल घेण्यासाठी कर्ज काढले होते. त्यात धनको आहे, ऋणको आहे, साक्षीदार आहेत, गहाण ठेवलेल्या गाईचा रंगही लिहिला आहे. घरच्या बाईचे नाव असण्याचे अर्थातच कारण नव्हते.

घरच्या कागदांनी हात टेकल्यावर मी निधनवार्तांकडे वळलो. घराण्याचा माग काढणाऱ्याला मृत्यूच्या बातमीसारखा सोयीचा कागद नाही. माणूस कुठे, कधी आणि किती वर्षांचा होऊन गेला आणि मागे कोण राहिले, हे सारे चार ओळींत एकत्र येते. पण आपल्याकडे या कागदाचे वैर आपल्या चालीरीतींशीच. पूर्वी मृत्यूचे कार्ड आले की माथ्यावर 'श्री' नसे. कोपरा फाडलेला असे. पोस्टमन ते उंबऱ्याबाहेरच देई, उभ्या उभ्या वाचून होई आणि तिथल्या तिथे फाडून टाकले जाई. अशुभ कागद घरात ठेवू नये! लग्नाच्या कुंकुमपत्रिका आम्ही साठ-साठ वर्षे जपल्या. त्यांत मुलीचे वडील, काका, मामा यांची नावे यथासांग. आणि ज्या कागदात कोण कधी मेले ते होते, तो नेमका नाल्यात. आमच्या आळीतून अशी किती घराणी वाहून गेली असतील, देव जाणे.

उरली वर्तमानपत्रे. ती फाडली तरी दुसरी प्रत कुठेतरी राहते. मराठी वृत्तपत्राचा आरंभ बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पणा'ने १८३२ साली झाला, पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' १८४९ चा, 'केसरी' १८८१ चा. पण जुन्या अंकांत आपले आजे-पणजे सापडतील या आशेने कोणी बसेल तर त्याने धीर धरावा. थोरांच्या मृत्यूवर अग्रलेख होत. जून १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा त्यांच्याशी कडाक्याचे भांडण झालेल्या टिळकांनीच 'केसरी'त त्यांच्यावर लिहिले. सामान्य माणसाच्या वाट्याला गावच्या बातमीदाराच्या पत्रातल्या तीन ओळी यायच्या, त्याही पाऊसपाणी आणि गुरांचा बाजार यांच्यामध्ये. तो वकील, मामलेदार किंवा शाळामास्तर असला तरच. बायकांच्या वाट्याला त्याही नाहीत.

आमचे पणजोबा सुदैवाने शाळामास्तर होते. ते १९२१ साली गेल्याचे वंशावळीत लिहिले होते. जिल्ह्यातल्या एका जुन्या साप्ताहिकाच्या बांधीव फायली एका नगरवाचनालयात आहेत असे कळले. गेलो. ग्रंथपाल बाईंनी फाईल टेबलावर ठेवताना सांगितले, "काका, पान उलटू नका, उचला." खरोखरच पाने इतकी कुरकुरीत झाली होती की बोटाला कोपरे चिकटून येत. तीन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी पणजोबा भेटले. एका जुन्या शिक्षकाच्या निधनाबद्दल बातमीदाराने दुःख व्यक्त केले होते. शिस्त कडक, अक्षर मोत्यासारखे, पश्चात वृद्ध मातोश्री आणि तीन मुलगे. आणि शेवटी एक वाक्य: ऐन तारुण्यात पत्नी निवर्तल्यावर त्यांनी पुन्हा संसार थाटला नाही.

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आणि बराच वेळ तसाच बसलो. त्या काळी तिशीतला, पोटापुरते मिळवणारा, तीन मुलांचा बाप विधुर राहणे ही साधी गोष्ट नव्हती. तेराव्याच्या जेवणावळीतच नव्या स्थळाची बोलणी होत. बायकोला मरणाच्या दारी सोडून पळणारा माणूस बावीस वर्षे एकटा राहतो? पण निधनवार्तेवर फार विसंबू नये हेही मला ठाऊक आहे. माणूस मेला की बातमीदार त्याला हार घालतोच. आमच्या गावातल्या एका सावकाराला त्याच फायलीत 'गरिबांचे कैवारी' म्हटलेले मी वाचले, आणि त्याच्याच जाचाने आमच्या शेजारच्यांनी गाव सोडल्याचे आजी सांगे.

हार न घालणारा कागद म्हणजे सरकारी नोंद. गावोगाव जन्ममृत्यूची नोंदवही असे. आज तिला गाव नमुना १४ म्हणतात. लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. एरवी तालुक्याच्या अभिलेख कक्षात माझ्यासारख्या फुटकळ माणसाला कोणी उभे केले नसते. पण २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि शंभर वर्षे ज्यांच्या गाठी सुटल्या नव्हत्या ते रुमाल सुटले. मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. मी २०२४ च्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा कक्षाबाहेर माणसांची रांग होती. कोणाला खापरपणजोबाच्या जातीचा दाखला हवा होता, कोणाला मुलाच्या प्रवेशासाठी पुरावा. मी नुसते एका बाईचे नाव शोधायला आलो आहे असे सांगितल्यावर शेजारचा शेतकरी म्हणाला, "जमिनीचं काय हाय का?" नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे कीव करून पाहिले. पण पुढे चार तास तोच मला रुमाल उतरवायला मदत करीत होता, आणि त्याच्या आज्याची नोंद मी त्याला लावून दिली. त्याचे काम झाले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मला उसाचा रस मिळाला.

माझे वर्ष १८९९. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी हा रोग ओळखला, आणि पाहता पाहता तो घाटावर चढला. १८९७ च्या आरंभी त्याने पुणे गाठले. त्याच मार्चमध्ये रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. पुढची गोष्ट शाळेतली पोरेही सांगतील: साथीचा कायदा, घरोघरची झडती, रोग्यांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेणे, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेली गोळी. त्या झडत्यांची दहशत अशी बसली होती की माणूस मेला तरी प्लेगने मेला म्हणायला कोणी तयार नसे. वर्तमानपत्रे रोगाला 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव देत. कुलकर्ण्याच्या वहीत मात्र कारणाच्या रकान्यात एकच शब्द: 'ताप'. आमच्या गावाचे १८९९ चे पान मी उघडले आणि वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. मध्येच एक 'विंचू'. त्या एकट्या विंचवाने मेलेल्या माणसाचा मला क्षणभर हेवा वाटला. त्याच्या मरणाचे कारण तरी खरे लिहिले होते.

पान उलटल्यावर पणजोबांचे नाव दिसले. नाव त्यांचे होते, पण मेलेल्या माणसाच्या रकान्यात. अंगावर काटा आला. नीट वाचले, तेव्हा पुढे मोडीच्या लपेटीत 'याची बायको' असे होते. वय २६. ताप. नाव नाही. शंभर-सव्वाशे वर्षे त्या रुमालात बांधून ठेवलेली, आणि आत काय? अमक्याची बायको!

रागाने वही मिटणार होतो. तोच शेजारचा तो शेतकरी, ज्याला अक्षर एक वाचता येत नव्हते, बोट ठेवून म्हणाला, "ह्ये वरचं बी त्येच नाव दिसतंय की." खरेच, तीन ओळी वर पुन्हा पणजोबांचे नाव. 'याची मुलगी', वय पाच महिने. तारीख बायकोच्या आधी तीन दिवसांची. आणि दोन्ही ओळींच्या शेवटी, खबर देणाऱ्याच्या रकान्यात पणजोबांचे नाव तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा.

आम्हांला मुलगी ठाऊकच नव्हती. आत्याला नव्हती, वडिलांना नव्हती. नऊ पिढ्यांच्या झाडावर तिचे पानही नव्हते. पाच महिन्यांचे तान्हे मूल तापाने फणफणले. आई त्याला सोडून माळावर कशी जाईल? माझ्या समजुतीने घडले ते असे: तिघे मुलगे आजीबरोबर, म्हणजे त्या किल्लीवाल्या म्हातारीबरोबर, झोपडीत गेले. आजोबांना त्यातले एवढेच आठवत राहिले की आपण गेलो आणि आई मागे राहिली. पण पणजोबा माळावर नव्हते. तीन दिवसांत दोनदा चावडीवर जाऊन त्यांनी खबर दिली होती. आता कोणी म्हणेल, खबर द्यायला माणूस माळावरूनही येऊ शकतो. येऊ शकतो. कागद याहून जास्त बोलत नाही. मी मात्र आत्याला फोन करून सांगितले, की जेवताना आता तसबिरीकडे तोंड करायला हरकत नाही. ती म्हणाली, "तसबीर वाळवीनं खाल्ली रे." मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि शेवटी तिने विचारले, "आणि नाव?"

नाव नाशिकला निघाले. आमच्या बाजूचे लोक नाशिकला गेले की आपापल्या तीर्थोपाध्यायांकडे उतरत, आणि उपाध्याय वही पुढे करीत. तिला नामावळी म्हणतात. आलेल्याने स्वतःच्या हाताने गाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे लिहायचे, खाली सही करायची. पुढची पिढी आली की तिला मागचे अक्षर दाखवायचे. त्यावरच उपाध्यायाचा यजमानावर हक्क शाबीत होतो. हक्काच्या भांडणापायी का होईना, या वह्या जिवापाड जपल्या गेल्या. कागद सरकारने जपले नाहीत एवढे भिक्षुकीने जपले, असे म्हटले तर ते फारसे चूक नाही. आमचे उपाध्याय कोण हे शोधण्यात एक दिवस गेला. गाव सांगितल्यावर मात्र त्या तरुण गुरुजींनी लांबट, लाल कापडाची वही काढून अर्ध्या तासात पान लावले.

शके १८२३, म्हणजे अठ्ठ्याहत्तर मिळवून १९०१. अक्षर खरोखरच मोत्यासारखे. बातमीदार त्या बाबतीत तरी खोटे बोलला नव्हता. आपले नाव, वडिलांचे, आजोबांचे, तीन मुलांची वयांच्या क्रमाने. आणि रिवाज नसता, पानाच्या कडेला आडव्या ओळीत: 'भार्या' म्हणून एक नाव, त्यापुढे 'कैलासवासी', आणि 'कन्या एक'. मुलीला नाव नाही. बारसे कदाचित साथीच्या धांदलीत राहूनच गेले असेल. ते कुठल्याच कागदात मला मिळाले नाही.

बायकोचे नाव मी वाचले आणि हात जोडले. तर्पणाचे काम झाले होते. पण आत्याचे समाधान होईना. "हे सासरचं," ती म्हणाली. "तांदळात लिहिलेलं. तिच्या आईनं तिला काय म्हणून हाक मारली असेल?"

या प्रश्नातले दुःख पुरुषाला एकदम कळत नाही. लग्नात ताटभर तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवे नाव लिहितो, पेढे वाटतात, आणि दहा-बारा वर्षे जिच्या नावाने घर दुमदुमले ती मुलगी त्या तांदळाबरोबर डब्यात जाते. ज्यांची चरित्रे लिहिली गेली त्यांची पहिली नावे टिकली. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक मनकर्णिका. आनंदीबाई १८८७ साली पुण्यात गेल्या आणि त्यांची रक्षा अमेरिकेत पोकिप्सीच्या दफनभूमीत, त्यांना लेकीसारखे मानणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली. एवढे सगळे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या मोठ्या झाल्या. माझी पणजी मोठी झाली नाही.

माहेरचे नाव हवे तर माहेरचे आडनाव हवे, आणि आमच्याकडे 'वाईची' यापलीकडे काही नव्हते. इथे पुन्हा निधनवार्ताच कामी आली. आजोबांची एक गुरुचरित्राची पोथी आत्याने जपली होती. (श्राद्ध न करणारे आजोबा पोथी मात्र वाचीत. माणसाचे असेच असते.) तिच्यात अठराव्या अध्यायाशी वर्तमानपत्राचे एक कात्रण निघाले. वाईचे एक वकील वारल्याची बातमी. त्यात मुले-सुना मोजून झाल्यावर असे की, अकाली गेलेल्या भगिनीच्या धाकट्या मुलाला त्यांनी आपल्या घरी वाढवले व मॅट्रिक केले. आईमागे आजोबा आजोळी वाढले हे आम्ही पुसटसे ऐकून होतो. तेच हे मामा. अशुभ कागद घरात ठेवू नये हा नियम आजोबांनी आयुष्यात एकदा मोडला होता, आणि तोही पोथीत ठेवून.

कात्रणावर तारीख नव्हती, वर्तमानपत्राचे नाव नव्हते. मागच्या बाजूला मात्र प्रभातच्या 'संत तुकाराम'ची अर्धवट जाहिरात होती: मुंबई, सेंट्रल सिनेमा, आठवडा विसावा. हा बोलपट तिथे डिसेंबर १९३६ मध्ये लागला. त्यावरून बोटे मोजीत मी १९३७ च्या एप्रिलअखेरीला येऊन पोहोचलो. एका भाच्याने मामाचे मरण कापून ठेवले, आणि त्याची तारीख तुकोबांनी सांगितली.

पुढचे सोपे होते. विसाव्या शतकात आपल्याकडे घराण्याघराण्यांनी कुलवृत्तान्त छापले. राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला आरंभ केल्यावर जुने कागद जमवण्याची जी ओढ मराठी माणसाला लागली, तिचे हे घरगुती रूप. बाहेरच्याला ही पुस्तके टेलिफोनच्या यादीसारखी वाटतात. मला विचाराल तर त्यांतले एक फार मोठे पुण्य आहे: बऱ्याच कुलवृत्तान्तांत लेकीही लिहिल्या आहेत. मामांच्या आडनावाचा जाडजूड ग्रंथ पुण्याच्या एका ग्रंथालयात मिळाला. घराणे, शाखा, पिढी असे करीत वकीलमामा सापडले. त्यांच्या वडिलांच्या परिच्छेदात शेवटी 'कन्या' म्हणून तीन मुली. तिसरीपुढे आमचे आडनाव, आमचे गाव, आणि कंसात सासरचे नाव. नाशिकच्या वहीतले तेच, अक्षर न अक्षर. आणि कंसाबाहेर, पुढे, तिचे माहेरचे नाव.

ते मी ओळखीचे म्हणून वाचले नाही. आमच्या घरात त्या नावाचे कोणी मी ऐकले नव्हते. पायऱ्यांवर येऊन आत्याला फोन लावला आणि वाचून दाखवले. पलीकडून काहीच येईना. मला वाटले, ऐकू आले नाही, पुन्हा वाचले.

"ऐकलं मी," आत्या म्हणाली. "अरे, ते माझं पाळण्यातलं नाव."

आम्हांला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माहेरी तिला लहान-थोर सगळे 'बेबी' म्हणत. १९५० साली लग्न झाल्यावर तांदळात दुसरे नाव आले, तेच आम्ही पत्रांवर लिहीत आलो. पाळण्यातले नाव तिच्या व्हर्नाक्युलर फायनलच्या दाखल्यावर तेवढे राहिले होते. पुढच्या खेपेस तिने तो ट्रंकेच्या तळातून काढून मला दाखवला. तीन वर्षांचे असताना आई गमावलेल्या, आजोळी तिचे माहेरचेच नाव कानांवर पडत वाढलेल्या आमच्या आजोबांनी १९३२ साली आपल्या एकुलत्या एका मुलीच्या पाळण्याशी वाकून ते नाव ठेवले, आणि कोणाचे आहे ते कोणालाही सांगितले नाही. मग अठरा वर्षांनी, लग्नमंडपात ते पुसले जाताना तेही तिथेच उभे होते.

"बाबा त्या दिवशी तांदळाच्या ताटाजवळून उठून गेले होते," आत्या म्हणाली. "मला वाटलं, पाठवणीचं रडू येतंय."

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला मी पाटावर बसलो. भटजी आता नवे, पहिल्यांचे नातू. पितामहीच्या जागी—माझ्या हिशेबाने प्रपितामहीच्या—मी नाशिकच्या वहीतले नाव सांगितले. मग थांबून माहेरचेही सांगितले. "दोन चालत नाहीत, एक सांगा," ते म्हणाले. मी म्हटले, पन्नास वर्षे एकही बरोबर नव्हते ते चालले ना? त्यांनी हसून दोन्ही नावांनी पाणी सोडू दिले.

आत्या यंदाच्या श्रावणात गेली. निधनवार्ता लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. तिच्या मुलांनी नमुना पाठवला होता: वृद्धापकाळाने निधन, पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे, पतवंडे असा परिवार. मी त्यात नावापुढे कंस करून तिचे पाळण्यातले नाव घातले, आणि ती कोणाची कन्या, कोणत्या गावची, तेही लिहिले. वर्तमानपत्राच्या खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "आजोबा, हे काढलंत तर एक ओळ वाचेल." मी त्या ओळीचे पैसे मोजून दिले.

कात्रण आजोबांच्या पोथीत ठेवले आहे. त्याच्या पाठीमागे सदनिकांची जाहिरात आहे, तिच्यावरून पुढे कोणाला काही कळेलसे वाटत नाही. म्हणून तारीख मी शाईने वर लिहून ठेवली.